बस चालवायला नेमका किती खर्च येतो? मुंबईतल्या एका मार्गाचा हिशेब, पायरीपायरीने

बेस्टच्या तुटीची बातमी आली की सगळी चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते: प्रति किलोमीटर खर्च. बस एक किलोमीटर धावली की इतके रुपये गेले, तिकिटातून इतके आले, उरली ती तूट. आकडा खोटा नसतो. पण त्याच्या भरवशावर मार्ग बंद करायचा की वाढवायचा हे ठरवायला बसलात, तर तो हमखास दगा देतो. कारण मुंबईत बसचा खर्च किलोमीटरपेक्षा वेळेवर जास्त ठरतो. सायनला सिग्नलवर अडकलेली बस एक मीटरही पुढे सरकत नाही, पण चालक-वाहकांचा पगार चालू असतो आणि इंजिन गॅस पीत असतं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या मीटरला हे पूर्वीपासून कळतं. गाडी उभी राहिली तरी वेटिंग पडत राहतं. आपल्या चर्चेला मात्र ते अजून कळलेलं नाही.

खाली दिलेली पद्धत नवी नाही. वाहतूक क्षेत्रात ती अनेक दशकं वापरात आहे. खर्चाचे तीन ढीग करायचे: तासावर ठरणारा, किलोमीटरवर ठरणारा, आणि गर्दीच्या वेळी किती बस लागतात त्यावर ठरणारा. एक्सेलची एक फाइल आणि दोन-तीन संध्याकाळी एवढं भांडवल पुरतं. वॉर्डातले कार्यकर्ते, पत्रकार, नियोजनाचे विद्यार्थी, कुणालाही जमेल.

उदाहरणासाठी एक काल्पनिक मार्ग घेतो. एकेरी १२ किलोमीटर, एक टोक रेल्वे स्थानकाबाहेर, दुसरं ऑफिसांच्या भागात. अंतर, वेळ, पगार, दर हे सगळे आकडे मी हिशेब समजावण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्या मार्गाचे आकडे त्या जागी घाला.

पायरी १: प्रश्न आधी कागदावर लिहा

‘हा मार्ग चालवायला वर्षाला किती लागतात?’ हा एक प्रश्न. ‘या मार्गावर आणखी दोन बस सोडल्या तर किती वाढतील?’ हा दुसरा. पहिल्याला सरासरी खर्च लागतो, दुसऱ्याला वाढीव खर्च. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात, कधीकधी दुपटीने वेगळी. वादविवादात निम्मा घोळ इथेच होतो: एक बाजू सरासरी सांगत असते, दुसरी वाढीव, आणि दोघंही बरोबर असतात.

मग सीमा आखा. इथे आपण फक्त चालवण्याचा खर्च मोजतोय. बस खरेदी, आगाराची जमीन, कर्जाचं व्याज यांची शीट वेगळी ठेवा. पूर्वी निवृत्त झालेल्यांची देणी तर या मार्गाच्या माथी मारूच नका. ती देणी खरी आहेत आणि ती द्यायलाच हवीत, पण उद्या हा मार्ग बंद केला म्हणून त्यातला एक रुपयाही वाचत नाही. बेस्टच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. हा उपक्रम शहर भागात वीजही पुरवतो, आणि वर्षानुवर्षं परिवहनाची तूट विजेच्या कमाईतून भरून निघत असे. त्यामुळे मुख्यालय, लेखा, संगणक अशा सामाईक खर्चातला किती वाटा बसकडे टाकायचा, हा हिशेबापेक्षा धोरणाचा मुद्दा ठरतो. तो वाटा वेगळ्या ओळीत दाखवा. मार्गाच्या खर्चात मिसळलात की कुणालाच काही कळणार नाही.

पायरी २: वेळापत्रकातून बस मोजा

खर्चाचा पाया लेख्यांत नसतो, वेळापत्रकात असतो. दिवसाचे दोन भाग करू. गर्दीची वेळ: सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९, मिळून ७ तास. बाकीची वेळ: सकाळी ६ ते ८, दुपारी ११ ते ५, रात्री ९ ते ११, मिळून १० तास.

गर्दीत एकेरी धाव ६० मिनिटांची, आणि दोन्ही टोकांना ८-८ मिनिटं टेकायला. पूर्ण चक्र १३६ मिनिटांचं. दर ८ मिनिटांनी बस हवी, तर १३६ भागिले ८, म्हणजे १७ बस.

बाकीच्या वेळी धाव ४५ मिनिटांची, टोकाला ६-६ मिनिटं, चक्र १०२ मिनिटांचं. दर १२ मिनिटांनी बस म्हटली की साडेआठ बस येतात. अर्धी बस रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून ९. चक्र आपोआप १०८ मिनिटांचं होतं आणि टोकावर तीन-तीन मिनिटं जास्त मिळतात. शीटमध्ये इथे वरच्या पूर्णांकाचं सूत्र न वापरणं ही फार सर्रास दिसणारी चूक आहे. एका मार्गावर अर्ध्या बसचा फरक पडतो, आगारातल्या वीस मार्गांवर दहा बसचा.

धावेची वेळ कुठून आणायची? बसचा माग दाखवणाऱ्या ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं. आठवडाभर ठरावीक वेळी नोंदी घेतल्या तर बरंच चित्र उभं राहतं. नाहीतर घड्याळ घेऊन थांब्यावर उभं राहायचं. पण सरासरी घेऊ नका. दहापैकी आठ-नऊ फेऱ्या ज्या वेळात पुऱ्या होतात ती वेळ घ्या. सरासरीवर वेळापत्रक बांधलं तर निम्म्या बस उशिरा पोचतात, टोकावरची विश्रांती त्यात खाल्ली जाते आणि पुढची फेरी बुडते. पावसाळ्याचे चार महिने वेगळे मोजा. हिंदमाता किंवा मिलन सबवे अशा पाणी तुंबणाऱ्या भागातून जाणारा मार्ग असेल, तर जुलैची वेळ आणि जानेवारीची वेळ एकाच रकान्यात घालणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

आता बेरीज. बस-तास: १७ × ७ = ११९, आणि ९ × १० = ९०, एकूण २०९. किलोमीटर: गर्दीत ७ तासांत दर ८ मिनिटांनी म्हणजे साडेबावन्न जाऊन-येऊन फेऱ्या, त्यांचे १,२६० किमी, बाकी वेळेत ५० फेऱ्यांचे १,२०० किमी. एकूण २,४६० किमी. भागाकार केला तर ताशी वेग जेमतेम १२ किमी निघतो. हा एकच आकडा आधी बघत जा. तो २० च्या वर आला, तर तुम्ही मुंबईचा मार्ग मोजलेला नाही.

पायरी ३: डेड किलोमीटर

आगारातून टोकापर्यंत आणि टोकावरून आगारात बस प्रवाशांविना जाते. आपल्या मार्गाला आगार ३ किमीवर आहे, जायला १५ मिनिटं लागतात. नऊ बस पहाटे निघतात आणि रात्री परततात, या १८ एकेरी खेपा. उरलेल्या आठ बस सकाळी येऊन ११ ला परत जातात, पुन्हा ५ ला येतात आणि ९ ला जातात, म्हणजे ३२ खेपा. एकूण ५० खेपा, १५० किमी आणि साडेबारा तास. एकूण धाव २,६१० किमी आणि २२१.५ तास झाली.

दुपारी त्या आठ बस टोकावरच उभ्या करता आल्या तर ४८ किमी वाचतात. पण मुंबईत स्थानकाबाहेर आठ बस सहा तास उभ्या करायला जागा कुठे आहे? डेपोची जमीन विकासकाला द्यायची चर्चा निघते तेव्हा ही ओळ काढून दाखवावी. जवळचं आगार गेलं आणि अंतर ३ वरून ९ किमी झालं, तर या एका मार्गाचे डेड किलोमीटर रोज ३०० ने वाढतात.

पायरी ४: ड्युट्या

इथे थांबून नीट बघा, कारण खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा इथेच आहे आणि बहुतेक शीट इथेच एका ओळीत गुंडाळल्या जातात.

चालकाची ड्युटी ८ तासांची. त्यात हजेरी, गाडी ताब्यात घेणं, जेवणाची सुट्टी, शेवटी हिशेब आणि गाडी जमा करणं. प्रत्यक्ष बसवर साडेसहा तास मिळाले तर चांगलं. सरळ भागाकार केला तर २२१.५ भागिले ६.५, म्हणजे ३५ ड्युट्या. शीट इथे थांबते आणि आगारातला ड्युट्या लावणारा कारकून हसतो.

त्या आठ गर्दीच्या बस बघा. सकाळी पावणेआठला आगारातून निघून सव्वाअकराला परत, मग पावणेपाचला निघून रात्री सव्वानऊला परत. एकाच चालकाला दोन्ही तुकडे दिले तर बसवरचे तास आठच होतात, पण पसारा, म्हणजे पहिल्या हजेरीपासून शेवटी घरी सुटेपर्यंतचा वेळ, साडेतेरा तासांचा. मोटर वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास सांगत होता, ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगत होता, आणि कामाचा पसारा १२ तासांच्या आत ठेवा म्हणत होता. म्हणजे त्या मर्यादांत ही ड्युटी बसतच नाही. कायदा बाजूला ठेवला तरी विरारहून किंवा बदलापूरहून येणाऱ्या माणसाला पसारा साडेतेरा तासांचा असलेली ड्युटी देणं हे माणुसकीचं नाही.

मग दोन टोकं उरतात. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र माणूस दिला, तर गर्दीच्या बसच्या १६ ड्युट्या, आणि दिवसभर चालणाऱ्या ९ बसच्या प्रत्येकी तीन म्हणजे २७. एकूण ४३. दुसरं टोक म्हणजे तुकडे जोडणं. सकाळची गर्दी करून आलेला चालक जेवतो आणि दिवसभराच्या बसवर बदली म्हणून चढतो. संध्याकाळची गर्दी करणारा ९ नंतर दिवसभराच्या बसची शेवटची फेरी घेतो. असं केलं की एक दिवसभराची आणि एक गर्दीची अशा जोडीला चार ड्युट्या पुरतात. आठ जोड्यांच्या ३२, उरलेल्या नवव्या बसच्या ३, एकूण ३५. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात बदलीची बस वाहतुकीत अडकते, सलग चालवणाऱ्याला जेवायला सोडायचं तर कुणीतरी आधीच टोकावर लागतो, आणि तीन-चार ड्युट्या वाढतात. मी ३८ धरतो.

३५ आणि ४३ यांच्यात रोज आठ चालक आणि आठ वाहकांचा फरक आहे. बस तेवढ्याच, फेऱ्या तेवढ्याच, किलोमीटर तेवढेच. प्रति किलोमीटर खर्चाचा आकडा इथे किती वरखाली होतो ते तुम्हीच करून बघा.

पुढे राखीव माणसं. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा, सण, आजारपण मिळून ४५ दिवस काढले की माणूस २६८ दिवस मिळतो. ३६५ भागिले २६८, म्हणजे १.३६. त्यामुळे ३८ ड्युट्यांना ५२ चालक आणि ५२ वाहक. गणपतीत गैरहजेरी वाढते, त्याच दिवसांत रात्रीच्या जादा बसही लागतात. वर्षभराच्या सरासरीत हे लपतं, म्हणून तो महिना वेगळा तपासा.

चालकाचा महिन्याचा एकूण खर्च, म्हणजे पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद वगैरे सगळं धरून ६०,००० रुपये आणि वाहकाचा ५५,००० धरला, तर महिन्याला ५९.८ लाख, दिवसाला १,९६,६०० रुपये. विनावाहक बस चालवली तर जवळजवळ निम्मे वाचतील असं लगेच वाटतं. थांब्यांवर तिकीट द्यायला माणसं उभी करावी लागतात आणि तिकीट न काढणारे वाढतात, ते दोन्ही आकडे त्याच शीटमध्ये घाला आणि मग बोला.

पायरी ५: इंधन आणि देखभाल

हा भाग सोपा आहे. सीएनजी बस गर्दीत किलोला २.४ किमी आणि मोकळ्या रस्त्यावर ३ किमी देते असं धरू. गर्दीचे १,२६० किमी म्हणजे ५२५ किलो, बाकीचे डेड धरून १,३५० किमी म्हणजे ४५० किलो. एकूण ९७५ किलो, ८० रुपये दराने ७८,००० रुपये. एकच सरासरी न धरता दोन दर वापरा. एसी लावला की दोन्ही बिघडतात.

देखभालीचे मात्र दोन तुकडे करा. टायर, ऑइल, ब्रेक, सुटे भाग हे धावेबरोबर वाढतात: किलोमीटरला ७ रुपये धरले तर १८,२७० रुपये. वर्कशॉपमधली माणसं, विमा, कर, धुलाई, आगाराची वीज आणि पहारा यांना बस किती धावली याच्याशी देणंघेणं नाही, ताफ्यात किती बस आहेत याच्याशी आहे. १७ बस रस्त्यावर उतरायच्या तर दोन राखीव लागतात, म्हणून १९ बसना दिवसाला ३,५०० प्रमाणे ६६,५०० रुपये.

पायरी ६: तीन ढीग

दिवसाचा एकूण खर्च सुमारे ३,५९,४०० रुपये. प्रवासी किलोमीटरने, म्हणजे २,४६० ने भागलं तर किलोमीटरला १४६ रुपये. हाच तो बातमीतला आकडा. एका जाऊन-येऊन फेरीला साडेतीन हजार. सरासरी तिकीट १२ रुपये धरलं, तर खर्च भरून यायला तेवढ्या एका फेरीत २९२ प्रवासी हवेत. बेस्टचं किमान भाडं जुलै २०१९ मध्ये ८ वरून ५ रुपयांवर आलं आणि मे २०२५ मध्ये साध्या बसचं १०, एसीचं १२ झालं. हे आकडे शेजारी ठेवले की तूट कशामुळे आहे ते समजतं आणि ती कुणाच्या आळसामुळे नाही हेही समजतं.

आता भागाकार वेगळा करू. चालक-वाहकांचा खर्च तासांवर: १,९६,६०० भागिले २२१.५, तासाला ८८८ रुपये. इंधन आणि सुटे भाग किलोमीटरवर: ९६,२७० भागिले २,६१०, किलोमीटरला ३६.९ रुपये. आगार आणि ताफा गर्दीच्या बसवर: ६६,५०० भागिले १७, बसला दिवसाला ३,९१२ रुपये.

सूत्र तयार झालं: खर्च = ८८८ × तास + ३६.९ × किलोमीटर + ३,९१२ × गर्दीच्या वेळच्या बस.

पायरी ७: शीटला प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: गर्दीत एक बस वाढवली तर? तास ८ (डेड धरून), किलोमीटर ८६, बस १. खर्च १४,१८९ रुपये. प्रवाशांना मिळाले ७४ किमी. किलोमीटरला १९२ रुपये.

दुसरा: दुपारी दर १२ ऐवजी दर ९ मिनिटांनी बस सोडली तर? गर्दीच्या आठ बसपैकी तीन आगारात न पाठवता चालू ठेवायच्या. सहा तासांत दहा फेऱ्या वाढतात, २४० किमी. आगाराची येजा वाचते, म्हणून हिशेबात २२२ किमी आणि साडेसोळा तासच धरायचे. नवीन बस एकही नाही. खर्च २२,८४४, म्हणजे किलोमीटरला ९५ रुपये. आणि ड्युट्या सुट्या लावलेल्या असतील, म्हणजे दुपारी पगारी माणसं आगारात बसूनच असतील, तर खर्च फक्त इंधन आणि टायरचा.

एकच मार्ग, आणि किलोमीटर ९५ चाही आहे आणि १९२ चाही. १४६ च्या सरासरीने निर्णय घेणारा माणूस दुपारच्या फेऱ्या ‘तोट्यात’ म्हणून कापतो आणि वाचतं त्याच्या अंदाजाच्या जेमतेम दोन तृतीयांश. आणि दुपारी थांब्यावर ताटकळणारा प्रवासी मग शेअर रिक्षा धरतो.

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. बससाठी राखीव मार्गिका दिली, दोन-तीन सिग्नल नीट लावले आणि गर्दीतली धाव ६० वरून ५२ मिनिटांवर आली तर? चक्र १२० मिनिटांचं, दर ८ मिनिटांनी बस ठेवून १५ बस पुरतात. फेऱ्या एकही कमी नाही. वाचले १६ तास, २४ डेड किलोमीटर आणि २ बस: सूत्राने दिवसाला २२,९१८ रुपये. प्रति किलोमीटरच्या पद्धतीने हाच हिशेब केला तर २४ गुणिले १४६, म्हणजे साडेतीन हजार दिसतात. पालिकेच्या रस्ते विभागाला आणि वाहतूक पोलिसांना मार्गिकेचा फायदा दाखवायला साडेतीन हजारांचा कागद घेऊन गेलात तर कुणी दारात उभं करणार नाही.

पण सूत्रावर आंधळा विश्वासही नको. २२१.५ तासांना ३८ ड्युट्या या प्रमाणात १६ तास म्हणजे पावणेतीन ड्युट्या, आणि पाऊण माणूस कमी होत नाही. खरी बचत दोन ड्युट्यांची. मग आकडा १९,००० च्या आसपास येतो. तासाचा खर्च पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, उतारासारखा नाही. म्हणून कोणताही मोठा निष्कर्ष जाहीर करण्याआधी ड्युट्या पुन्हा हाताने लावून बघा.

भाडेतत्त्वावरच्या बस

बेस्टच्या ताफ्यात आता भाडेतत्त्वावरच्या बसचं प्रमाण मोठं आहे. साधारण रचना अशी: बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची, उपक्रम त्याला किलोमीटरमागे पैसे देतो. इथे दोन सापळे आहेत.

एक, तुलना. कंत्राटाचा दर ५५ रुपये आणि स्वतःचा खर्च १४६, म्हणून कंत्राट स्वस्त, असं कुणी म्हणालं तर विचारा: ५५ मध्ये वाहक आहे का? इंधन किंवा वीज कुणाची? आगार कुणाचं? उलट बाजूने, त्या ५५ मध्ये बस खरेदीचा हप्ता आहे आणि आपल्या १४६ मध्ये नाही. दोन्ही रकाने सारखे भरल्याशिवाय तुलना करू नका. कंत्राटी चालकाला मिळणारा पगार कायम चालकाच्या पगारापेक्षा कमी असेल, तर ‘बचत’ नेमकी कुणाच्या खिशातून आली तेही त्याच रकान्यात दिसतं. दर फार खाली लावून कंत्राट घेतलं आणि मग पगार थकले, कामगार संपावर गेले, बस उभ्या राहिल्या, हे मुंबईने पाहिलेलं आहे. बुडालेल्या फेऱ्यांची एक ओळ शीटमध्ये असू द्या.

दोन, हमीचे किलोमीटर. समजा करारात दिवसाला बसमागे किमान १८० किमीचे पैसे देण्याची हमी आहे. आपल्या मार्गावर दिवसभराची बस सुमारे २१३ किमी धावते, गर्दीची बस फक्त ८६. हमी प्रत्येक बसला स्वतंत्र लागू असेल आणि न धावलेल्या किलोमीटरलाही पूर्ण दर असेल, तर गर्दीच्या बसचा खरा दर ५५ नाही, ११५ पडतो. हमी पूर्ण ताफ्यावर वर्षाच्या सरासरीने मोजत असतील किंवा न धावलेल्या अंतराला कमी दर असेल, तर चित्र बदलतं. म्हणून करारातलं हे एक कलम शब्दशः वाचा. बाकीची शंभर पानं नंतर.

इलेक्ट्रिक बस असेल तर

इंधनाच्या ओळीत किलोमीटरला युनिट घाला. १२ मीटरच्या एसी बसला शहरात १.३ युनिट धरून सुरुवात करा, चार्जिंगमधली गळती वर आणखी दहा टक्के. किलोमीटरचा खर्च बराच खाली येतो, आणि तिथेच हुरळून जायचं नाही.

दिवसभराच्या बसला २१३ किमीसाठी २७७ युनिट लागतात. २५० युनिटची बॅटरी असेल तर ती एका चार्जवर दिवस काढू शकत नाही. उपाय वेळापत्रकातच आहे: ११ वाजता आगारात परतणाऱ्या बस आणि दिवसभराच्या बस यांची अदलाबदल करायची, म्हणजे प्रत्येक बसला दुपारी किंवा रात्री चार्जिंगला वेळ मिळतो. हे न करता जादा बस घेतल्या तर तिसरा ढीग, म्हणजे बसमागचा खर्च फुगतो आणि इंधनातली बचत तिथे जिरते.

विजेचं बिल फक्त युनिटवर नसतं. रात्री ११ ला सगळ्या बस एकदम चार्जिंगला लावल्या तर कमाल मागणीचा आकार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज खेचली त्यावरचं शुल्क, वाढतो. टप्प्याटप्प्याने लावल्या तर आटोक्यात राहतो. शिवाय आगार कुठे आहे ते बघा. कुलाब्याला वीज बेस्टची, उपनगरांत अदानी किंवा टाटाची, भांडुप-मुलुंडला महावितरणची. वीज नियामक आयोग प्रत्येकाचे दर वेगळे ठरवतो. दोन आगारांना एकच दर लावू नका.

मेट्रोला हीच शीट चालेल का?

रचना तीच, वजनं उलटी. भुयारी मेट्रो ३ साडेतेहेतीस किलोमीटरची आणि २७ स्थानकांची आहे. तिथलं वायुवीजन, गारवा, सरकते जिने, सुरक्षा आणि स्थानकातली माणसं गाडी दर पाच मिनिटांनी आली काय किंवा दहा मिनिटांनी आली काय, तेवढीच लागतात. म्हणून मेट्रोसाठी चौथा ढीग लागतो: स्थानकं आणि मार्गाची लांबी. तिथे फेऱ्या वाढवणं सरासरीच्या मानाने स्वस्त पडतं, त्यामुळे रिकामी मेट्रो दर पंधरा मिनिटांनी चालवण्यात काटकसर फारशी नसते.

पडताळणी

एका मार्गाची शीट बरोबर वाटली म्हणून थांबू नका. आगारातल्या सगळ्या मार्गांवर ती चालवा आणि बेरीज उपक्रमाच्या अर्थसंकल्पातल्या आकड्यांशी ताडून बघा: एकूण चालक, एकूण इंधन, एकूण किलोमीटर. रुपये शेवटी जुळवा, आधी नग जुळवा. चालकांची संख्या दहा टक्क्यांत आली तर शीट कामाची आहे. शीट सतत कमी दाखवत असेल तर चूक बहुधा धावेच्या वेळेत किंवा रजेच्या गुणकात (आपल्याकडे १.३६) असते, इंधनात नाही.

मग एकेक गृहीत दहा टक्क्यांनी हलवा. आपल्या उदाहरणात सीएनजीचा दर दहा टक्के वाढला तर दिवसाला ७,८०० रुपये वाढतात. गर्दीतली धाव दहा टक्क्यांनी, म्हणजे ६ मिनिटांनी वाढली, तर चक्र १४८ मिनिटांचं होतं, १९ बस लागतात, आणि वाढ तेवीस हजारांच्या जवळ जाते, फेरी एकही न वाढता. गृहीतांची यादी शीटच्या पहिल्याच पानावर, तारखेसह आणि आकडा कुठून घेतला त्या नोंदीसह ठेवा. शीट दुसऱ्याच्या हाती गेली की तो सगळ्यात आधी तेच शोधणार असतो.